सोनगढचे पिलाजीराव

सुरतेहून भुसावळकडे गाडीने निघाले म्हणजे वाटेत उकाई-सोनगढ हे स्टेशन लागते. गावाजवळच्या डोंगरावर एक जुना किल्ला आहे. बडोद्याच्या राजघराण्याचे मूळ शोधू जाणाऱ्यास राजवाड्यात नव्हे, येथे यावे लागते.

पिलाजीराव गायकवाड मूळचे पुणे प्रांतातील दावडीचे. त्यांचे चुलते दमाजी हे सेनापती दाभाड्यांच्या पदरी होते. बाळापूरच्या लढाईत (१७२०) त्यांनी ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळविला, व पुढल्याच वर्षी ते निवर्तले. तत्पूर्वीच, १७१९ च्या सुमारास, पिलाजींनी भिल्लांकडून हे रानातले ठाणे घेतले होते. एकीकडे खानदेश, दुसरीकडे सुरतेचा धनाढ्य मुलूख! तेथून त्यांचे स्वार चौथाईसाठी उतरत. तेव्हाच्या सुरतकरांना हे नाव गोड वाटत नसणार, हेही सांगितलेच पाहिजे.

१७३१ मध्ये डभईस ते दाभाड्यांच्या बाजूने बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढले. सेनापती त्र्यंबकराव पडले, पिलाजींचा एक पुत्र पडला, ते स्वतः जखमी झाले. जेत्या पेशव्यांनी मात्र अल्पवयी यशवंतराव दाभाड्यांचा कारभार त्यांच्याच हाती सोपविला.

पुढल्याच वर्षी डाकोर येथे, मोगल सुभेदार अभयसिंहाची माणसे बोलणी करण्याच्या मिषाने आली. कानात काही सांगण्यासाठी म्हणून एकजण वाकला आणि त्याने कट्यार चालविली. पिलाजींचे दहन सावलीस झाले.

पुत्र दमाजीने १७३४ मध्ये बडोदे घेतले. १८७५ मध्ये त्या गादीवर दत्तक आलेले कवळाण्याचे सयाजीराव हे पिलाजींच्याच प्रतापराव नामक पुत्राच्या वंशातले.