रॉबर्ट मोग

रॉबर्ट आर्थर मोग (जन्म : २३ मे १९३४, न्यू यॉर्क, मृत्यू : २१ ऑगस्ट २००५, ॲशव्हिल, उत्तर कॅरोलिना) हे अमेरिकन अभियंता आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे निर्माते होते. मोग सिंथेसायझर या वाद्याचे जनक म्हणून ते ओळखले जातात. वाद्याचे स्वतंत्र घटक तारांनी हव्या त्या क्रमाने जोडून नवे नाद घडविण्याची पद्धत रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या आडनावाचा उच्चार अनेक जण ‘मूग’ असा करीत असले, तरी ते स्वतः ‘मोग’ असाच करीत.

सुरुवातीचे जीवन

मोग यांचे बालपण न्यू यॉर्कमधील क्वीन्स भागात गेले. वडील वीज कंपनीत अभियंता होते. आईच्या आग्रहामुळे त्यांना लहानपणी पियानो शिकावा लागला. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी त्यांनी स्पर्श न करता वाजविता येणारे थेरेमिन हे वाद्य तयार केले. पुढे वडिलांच्या साहाय्याने त्यांनी थेरेमिनच्या विक्रीचा व्यवसाय सुरू केला. क्वीन्स महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे व कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यानंतर १९६५ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची अभियांत्रिकी भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली.

सिंथेसायझरची निर्मिती

१९६३ च्या अखेरीस मोग यांची संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्याशी भेट झाली. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत रचण्यासाठी ध्वनिफितीचे तुकडे कापून चिकटविण्याचे कष्टाचे काम करावे लागे. १९६४ च्या उन्हाळ्यात दोघांनी ट्रुमन्सबर्ग येथे नव्या वाद्याचा नमुना तयार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोग यांनी त्यावरील निबंध ध्वनी अभियंत्यांच्या अधिवेशनात सादर केला. याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला हेही स्वतंत्रपणे अशाच वाद्यावर काम करीत होते.

१९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि मोग यांचे नाव सर्वतोमुखी झाले. या वाद्यावर एका वेळी एकच स्वर निघत असल्याने प्रत्येक स्वरओळ वेगळी मुद्रित करून ती एकत्र करावी लागली होती.

जोडणीची पद्धत

मोग यांच्या वाद्यात ऑसिलेटर मूळ स्वर निर्माण करतो, फिल्टर त्यातील काही कंपने वगळून नादाचा पोत बदलतो आणि ॲम्प्लिफायर आवाज लहानमोठा करतो. हे सर्व घटक विद्युतदाबाने, म्हणजे व्होल्टेजने, नियंत्रित होतात. नियंत्रक व्होल्टेज एका व्होल्टने वाढले की स्वर एका सप्तकाने चढतो.

ध्वनी आणि त्याचे नियंत्रण दोन्ही व्होल्टेजच्याच रूपात असल्याने एका घटकातून निघालेली तार जवळजवळ कोणत्याही दुसऱ्या घटकाला जोडता येते. मंद गतीच्या ऑसिलेटरची तार दुसऱ्या ऑसिलेटरच्या नियंत्रणाला जोडल्यास स्वर कंप पावू लागतो. त्याच ऑसिलेटरची गती वाढवून ती ऐकू येण्याजोग्या मर्यादेत नेल्यास घंटेसारखे किंवा धातूसारखे नाद मिळतात. फिल्टरमधील अनुनाद पुरेसा वाढविल्यास फिल्टर स्वतःच शुद्ध स्वर काढू लागतो आणि कळपट्टीचे व्होल्टेज त्याला दिल्यास त्यावर सुरावटही वाजविता येते. एकच व्होल्टेज अनेक ठिकाणी वाटल्यास स्वर, पोत आणि तीव्रता एकाच वेळी बदलतात.

मोग यांनी आपल्या फिल्टरचे पेटंट घेतले. ते १९६९ मध्ये मंजूर झाले.

मिनीमोग आणि नावाचा हक्क

अनेक तारांची जुळणी मंचावर चटकन बदलणे कठीण होते. १९७० मध्ये मोग यांच्या कंपनीने मिनीमोग हे लहान वाद्य आणले. त्याच्या रचनेत बिल हेमसॅथ यांचा मोठा वाटा होता. यातील मुख्य घटक आतूनच जोडलेले असल्याने वादकाला तारांची गरज उरली नाही. मात्र जोडणीचे स्वातंत्र्यही बरेच कमी झाले.

कंपनी आर्थिक अडचणीत आल्याने १९७१ मध्ये तिची मालकी मोग यांच्या हातून गेली. १९७७ मध्ये त्यांनी ती सोडली, परंतु ‘मोग’ हे व्यापारी नाव कंपनीकडेच राहिले. पुढची अनेक वर्षे त्यांना स्वतःच्या वाद्यांवर स्वतःचे आडनाव घालता आले नाही. १९७८ मध्ये स्थापन केलेल्या ‘बिग ब्रायर’ या संस्थेतून त्यांनी थेरेमिन व इतर उपकरणे बनविली. न्यायालयीन लढ्यानंतर २००२ मध्ये नावाचा हक्क त्यांना परत मिळाला.

भारतातील प्रसार

१९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मोग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. १९७० च्या दशकात मुंबईचे वादक व संगीत संयोजक केरसी लॉर्ड यांनी मिनीमोग हिंदी चित्रपटसंगीतात आणला.

सन्मान आणि वारसा

मोग यांना २००१ मध्ये स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कार मिळाला. मेंदूतील गाठीच्या आजाराने वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात कंपनीने मदर-३२ (२०१५) आणि ग्रँडमदर (२०१८) ही अर्ध-मॉड्युलर वाद्ये काढली. ती तार न लावताही वाजतात. तार खोचली की आतील ठरलेल्या जोडणीऐवजी वादकाने केलेली जोडणी लागू होते. मिनीमोगची सोय आणि आरंभीच्या वाद्याचे स्वातंत्र्य अशा रीतीने एकाच वाद्यात आले.