विश्लेषण: बाइकचा पुढचा फोर्कच काढून टाकणारे जॉन ब्रिटन कोण होते? त्यांची बाइक आजही का चर्चेत असते?

जुनी स्पोर्ट बाइक विकत घेतली की बहुतेक जण आधी सायलेन्सर बदलतात. जाणकार मेकॅनिक मात्र आधी पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली रेटतो आणि शॉकअप किती बसतात ते बघतो. जुन्या बाइकचा पुढचा भाग ब्रेक मारताच खाली झुकतो, वळणावर थरथरतो, खड्ड्यात ठक्कन आपटतो. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे कडक स्प्रिंग, नवे ऑइल किंवा दुसऱ्या बाइकचा चांगला फोर्क.

न्यूझीलंडच्या जॉन ब्रिटन यांनी तिसराच मार्ग धरला. त्यांनी फोर्कच काढून टाकला आणि त्याजागी दुचाकीच्या इतिहासात कालबाह्य ठरलेली रचना कार्बन फायबरमध्ये नव्याने बांधली. त्या बाइकने मोठ्या कंपन्यांच्या रेसिंग बाइकना घाम फोडला. नाव ब्रिटन असले तरी माणूस पक्का न्यूझीलंडचा, ख्राइस्टचर्च शहरातला.

इंजिनीअर, काच कलाकार आणि बिल्डरही

ब्रिटन यांचा जन्म १ ऑगस्ट १९५० रोजी ख्राइस्टचर्चमध्ये झाला. त्यांना डिस्लेक्सिया होता. वाचन-लेखन कायम जड गेले, पण वस्तू डोळ्यांसमोर उभी करून ती हाताने घडवण्यात त्यांना अडचण नव्हती. किशोरवयात त्यांनी मित्रासोबत एक टाकून दिलेली जुनी इंडियन स्काउट मोटारसायकल घरी आणून पुन्हा चालती केली.

रात्रशाळेतून चार वर्षांचा मेकॅनिकल इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम करून ते आयसीआय कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले. साचे, पॅटर्न, धातूकाम याची ओळख तिथे झाली. मग इंग्लंडला जाऊन काही महिने महामार्ग आराखड्याचे काम आणि परतल्यावर अवजड यंत्रांचे डिझाइन. १९७६ मध्ये त्यांनी स्वतः भट्ट्या बांधून काचेचे शोभिवंत दिवे बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे कुटुंबाच्या मालमत्ता विकसनाच्या व्यवसायात गेले. बायोडेटा म्हणून हा सगळा प्रवास विस्कळीत वाटेल, पण यातली जवळपास प्रत्येक गोष्ट त्यांना बाइक बनवताना कामी आली.

१९८० च्या दशकात ते हौशी रेसिंगकडे वळले. सुरुवात डुकाटीच्या इंजिनभोवती स्वतःची बॉडी बांधण्यापासून झाली. त्यानंतर न्यूझीलंडमध्येच बनलेले डेन्को हे व्ही-ट्विन इंजिन वापरून पाहिले. ते वारंवार दगा देऊ लागले, तेव्हा ब्रिटन यांनी स्वतःचेच इंजिन बनवायला घेतले. कारखाना म्हणजे घरालगतची शेड आणि टीम म्हणजे मोजके मित्र. बॉडीचा आकार ठरवण्यासाठी संगणक नव्हता. तार वाकवून आणि ती गरम ग्लूने चिकटवून ते बाइकचा सांगाडा उभा करत आणि डोळ्यांना पटेपर्यंत बदलत राहत.

फोर्कमध्ये नेमकी अडचण काय?

आज रस्त्यावरच्या बहुतेक बाइकला टेलिस्कोपिक फोर्क असतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या दोन जोड्या, आत स्प्रिंग आणि ऑइल. हायड्रॉलिक डॅम्पिंग असलेला असा फोर्क उत्पादनातील बाइकवर बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आणला. स्वस्त, सुटसुटीत आणि दिसायला देखणा असल्याने त्याने आधीचे गर्डर फोर्क हळूहळू हद्दपार केले.

पण या दोन नळ्यांवर तीन कामे एकाच वेळी येतात. चाक वळवायचे, खड्डे शोषायचे आणि ब्रेकचा जोर सोसायचा. ब्रेक दाबला की वजन पुढे येते आणि स्प्रिंग दबते. म्हणजे खड्ड्यासाठी राखून ठेवलेली हालचाल ब्रेकच खाऊन टाकतो. नेमका त्याच क्षणी उंचवटा आला तर चाक उडू लागते. शिवाय ब्रेकच्या जोराने नळ्या मागे वाकू पाहतात, त्यामुळे एकमेकींत घासतात आणि सहज सरकत नाहीत. पुढचा भाग खाली गेल्याने फोर्कचा कोनही बदलतो. वळणात शिरताना बाइकचा स्वभावच वेगळा होतो.

जुन्या बाइकमध्ये हे दोष वाढतात. स्प्रिंग बसलेले असतात, ऑइल पातळ आणि काळे झालेले असते, बुश झिजलेले असतात. म्हणून चालकाच्या वजनानुसार नवी स्प्रिंग, योग्य जाडीचे ऑइल योग्य पातळीपर्यंत आणि नवे सील एवढ्यानेही जुनी बाइक बरीच सुधारते. जुन्या साध्या रॉडच्या फोर्कमध्ये कार्ट्रिज इम्युलेटर नावाची झडप टाकता येते. त्यामुळे संथ आणि जोरदार धक्क्यांना फोर्क वेगवेगळा प्रतिसाद देतो. काही जण नव्या बाइकचा अख्खा यूएसडी फोर्क बसवतात. तो दिसतो भारी, पण त्यासाठी फोर्क पकडणारी टी, एक्सल, ब्रेक कॅलिपर सगळे जुळवावे लागते. लांबी थोडी चुकली तरी बाइकचे हँडलिंग बिघडते. भावाच्या बाइकला बसला म्हणून आपल्याही बाइकला बसेल, असे गृहीत धरणे महागात पडते.

हे सगळे उपाय फोर्कचे दोष कमी करतात. ब्रेकचा जोर आणि खड्ड्याचा धक्का एकाच सरकत्या नळीवर येणे मात्र तसेच राहते.

ब्रिटन यांनी काय बदलले?

ब्रिटन यांच्या सुरुवातीच्या व्ही१००० बाइकलाही त्या काळातला चांगला यूएसडी फोर्क होता. १९९२ च्या बाइकमध्ये तो गेला. त्याजागी चाकाच्या दोन्ही बाजूंनी वर जाणारा कार्बन फायबरचा कडक गर्डर आला. तो दोन आडव्या त्रिकोणी आर्मनी बाइकला जोडलेला होता आणि मध्ये एकच शॉक. कारच्या डबल विशबोन सस्पेन्शनसारखीच ही कल्पना. मॅक्लारेन या रेसिंग कार संघात काम केलेल्या नॉर्मन हॉसॅक यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दुचाकीसाठी या जातीची रचना मांडली होती.

यात सरकणारी नळीच नाही. चाक वर-खाली होते ते बेअरिंगवर फिरणाऱ्या आर्ममुळे, म्हणून ब्रेक दाबला तरी काही अडकत नाही. ब्रेकचा बराचसा जोर आर्ममधून थेट बाइकच्या अंगात जातो, स्प्रिंगवर येत नाही. आर्मचे कोन बदलून ब्रेक मारल्यावर पुढचा भाग किती झुकावा हेही ठरवता येते.

बाकीची बाइकही तितकीच वेगळी होती. तिला नेहमीसारखी फ्रेम नव्हती, ९९९ सीसीचे व्ही-ट्विन इंजिनच सांगाड्याचे काम करत होते. मागच्या चाकाचा शॉक इंजिनच्या पुढे, हवा लागेल अशा जागी. रेडिएटर सीटखाली. चाकेसुद्धा कार्बन फायबरची आणि तीही घरीच बनवलेली. वजन सुमारे १३८ किलो, ताकद १६६ हॉर्सपॉवर. तुलनेसाठी, आजची क्लासिक ३५० ही रॉयल एनफिल्ड १९५ किलोची असून २० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद देते.

डेटोनात काय घडले?

मार्च १९९२. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या डेटोना ट्रॅकवर ट्विन सिलिंडर बाइकची शर्यत होती. समोर डुकाटी ८८८ सारखी नावाजलेली बाइक. शर्यतीआधी ब्रिटनच्या इंजिनमधील सिलिंडर लायनरला तडा गेल्याचे लक्षात आले. सुटे भाग मागवायला कंपनीच नव्हती, कंपनी म्हणजे तिथे उभे असलेले हेच चार लोक. ब्रिटन यांनी रात्र जागून वेल्डिंग करून तो लायनर वापरण्याजोगा केला.

दुसऱ्या दिवशी अँड्र्यू स्ट्राउड यांनी डुकाटीशी बरोबरीची झुंज दिली. बाइक सरळ रस्त्यावर पुढचे चाक हवेत उचलत पुढे निघत होती. पण शेवट जवळ आला असताना विजेच्या यंत्रणेतील बिघाडाने ती बंद पडली. इंजिन टिकले, फ्रेम नसलेला सांगाडा टिकला, ज्याच्यावर सगळे शंका घेत होते ते पुढचे सस्पेन्शनही टिकले आणि गाडी थांबली ती करंटवर! इंजिनीअर मंडळींना हे दुःख वेगळे सांगायला नको.

तोच हिशेब १९९४ मध्ये चुकता झाला. त्याच ट्रॅकवर स्ट्राउड यांनी ब्रिटन बाइकवर ट्विन गटाची शर्यत जिंकली. त्याआधी १९९३ मध्ये १००० सीसी गटात जागतिक वेगविक्रम झाले होते. धावत्या मैलाचा वेग ताशी ३०२ किमीहून अधिक होता.

१९९४ लाच एक मोठा आघातही झाला. आयल ऑफ मॅन टीटी शर्यतीच्या सरावात ब्रिटन बाइक चालवणारे मार्क फार्मर यांचा अपघाती मृत्यू झाला. भिंती, झाडे आणि घरांमधून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवरची ही शर्यत आहे. तिने आजवर अनेक कसलेले रेसर गिळले आहेत.

१९९५ मध्ये ब्रिटन यांना मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता. ५ सप्टेंबर १९९५ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि तीन मुले होती. त्याच वर्षी बेअर्स जागतिक मालिकेत स्ट्राउड पहिले आले आणि दुसरा क्रमांकही ब्रिटन बाइकनेच पटकावला.

मग सगळ्या बाइकला हेच सस्पेन्शन का नाही?

एक कारण पैशाचे आणि सवयीचे. फोर्क बनवणाऱ्या कंपन्या, त्यांचे सुटे भाग, रेसिंग संघांकडे साठलेली सेटिंगची माहिती हे सगळे नळ्यांच्या फोर्कभोवती उभे आहे. नवी रचना चांगली असली तरी तिला शून्यापासून सुरुवात करावी लागते. त्यात फोर्क बनवणारेही थांबले नाहीत. नळ्यांवरचे लेप, ऑइल आणि आतल्या झडपा सुधारल्याने त्यांचे बरेच दोष बोथट झाले.

दुसरे कारण अधिक रंजक आहे. ब्रेक मारल्यावर फोर्क खाली बसतो तेव्हा चालकाला हातातून कळते की पुढचे टायर किती ताणले गेले आहे. हे झुकणे यंत्राच्या दृष्टीने दोष असला तरी चालकाच्या दृष्टीने ती माहिती आहे. ते पूर्ण काढून टाकले तर बाइक स्थिर राहते, पण काही रेसरना ती मुकी वाटते. ब्रिटन यांच्या रचनेत झुकण्याचे प्रमाण ठरवण्याची सोय होती, ती म्हणूनच महत्त्वाची.

कल्पना मात्र मेली नाही. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये के१२००एस या बाइकवर ड्युओलिव्हर नावाने हॉसॅक पद्धतीचे सस्पेन्शन आणले. होंडाने २०१८ च्या गोल्डविंगला पुढे डबल विशबोन दिले. दोन्ही रस्त्यावर लांब पल्ला मारणाऱ्या वजनदार बाइक, म्हणजे ब्रिटन यांच्या हलक्याफुलक्या रेसिंग यंत्राच्या अगदी उलट टोकाच्या. मोटोजीपीच्या ट्रॅकवर अजूनही नळ्यांचाच फोर्क आहे.

व्ही१००० मालिकेतील एकूण दहा बाइक बनल्या. त्यातल्या शेवटच्या काही ब्रिटन यांच्या निधनानंतर त्यांच्या टीमने पूर्ण केल्या. एक वेलिंग्टनच्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाकीच्यांपैकी काही जुन्या बाइकच्या मेळाव्यांत अजून ट्रॅकवर उतरतात, तेव्हा लोक आधी वाकून पुढच्या चाकाकडे बघतात.