घंटानाद जपला, पण धम्म? जपानी संगीतकार तोशिरो मायुझुमी यांचे जीवन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यानंतर दीड वर्षाने, २ एप्रिल १९५८ रोजी टोकियोत एक संगीतरचना प्रथमच सादर झाली. तिचे नाव ‘निर्वाण सिम्फनी’ आणि संगीतकार तोशिरो मायुझुमी. जगभर गाजलेल्या या कलावंताचे आयुष्य आंबेडकरी तरुणांनी समजून घ्यावे असे आहे.

मायुझुमींचा जन्म २० फेब्रुवारी १९२९ रोजी योकोहामात झाला. १९४५ मध्ये महायुद्धात जपान हरला, त्याच वर्षी सोळा वर्षांचे मायुझुमी टोकियोच्या संगीतशाळेत दाखल झाले. १९५१ मध्ये ते शिकायला पॅरिसला गेले आणि वर्षभरात परतले. जपानमध्ये ध्वनिमुद्रित आवाजांपासून आणि विजेच्या उपकरणांपासून संगीत घडवणाऱ्या पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते.

पण त्यांना खरी वाट सापडली ती बुद्धविहारांच्या घंटांमध्ये. जपानी विहारातल्या मोठ्या घंटेला आत लोलक नसतो. टांगलेल्या लाकडी ओंडक्याने तिच्यावर बाहेरून आघात करतात. तो नाद बराच वेळ घुमत राहतो. मायुझुमींनी या नादाचे यंत्रांच्या मदतीने पृथक्करण केले आणि त्यातले सूर वाद्यवृंदातल्या वाद्यांना वाटून दिले. वादकांचे तीन गट श्रोत्यांच्या वेगवेगळ्या बाजूंना बसवले. त्याला भिक्खूंच्या सूत्रपठणाच्या धर्तीवर पुरुषांच्या समूहस्वराची जोड दिली. सिम्फनीच्या सहा भागांपैकी एकाचे नावच ‘महाप्रज्ञापारमिता’ आहे. १९६० मध्ये ‘मंडल सिम्फनी’ आली. ‘द बायबल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. एका तरुण श्रामणेराने क्योटोचे सुवर्णमंदिर जाळल्याच्या घटनेवर युकिओ मिशिमा यांनी कादंबरी लिहिली होती. तिच्यावर मायुझुमींनी रचलेला ऑपेरा १९७६ मध्ये बर्लिनमध्ये सादर झाला.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र अस्वस्थ करते. १९४७ मध्ये अमलात आलेल्या जपानच्या संविधानाने नवव्या कलमात युद्धाचा कायमचा त्याग केला आहे. मायुझुमी हे संविधान बदलण्याच्या बाजूने उभे राहिले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या एका राष्ट्रवादी संघटनेचे ते प्रमुख नेते होते. सम्राटपरंपरेचा गौरव आणि संविधानबदल हा तिचा कार्यक्रम होता. १० एप्रिल १९९७ रोजी मायुझुमींचे निधन झाले. त्याच वर्षी ती संघटना ‘निप्पॉन कायगी’ या मोठ्या संघटनेत विलीन झाली.

म्हणजे निर्वाणाला सूर देणारा माणूस शांततेच्या कलमाविरुद्ध उभा राहिला. त्यांच्या संगीताचे मोल यामुळे कमी होत नाही. पण बौद्ध नाद, बौद्ध मंत्र आणि बौद्ध प्रतीके ही राष्ट्राभिमानाची शोभाही होऊ शकतात, हे यातून दिसते. बाबासाहेबांनी मात्र दीक्षेसोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि धम्माची सांगड समता, स्वातंत्र्य व बंधुतेशी घातली.

गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहारांत आज वंदना होते, जयंतीला मिरवणुका निघतात. आवाज मोठा झाला आहे. पण पाली गाथांचा अर्थ किती जणांना सांगता येतो? दर रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढून एका गाथेचा अर्थ आणि संविधानाचे एक कलम मुलांना समजावून सांगता येईल. यासाठी निधी लागत नाही आणि डीजेही लागत नाही. नाद कानापर्यंत पोहोचतो. वागण्यात उतरला तरच तो धम्म होतो.