बाटली क्रमांक ५३-एन
कसारा, खर्डी, आसनगावहून रोज मुंबई गाठणाऱ्यांनो, परळच्या हाफकिन संस्थेचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. पण ज्यांच्या नावाने ती उभी आहे, ते वाल्डेमार हाफकिन माहीत आहेत?

जन्म १८६०, ओडेसा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडत होते, तेव्हा हे शहरात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर तीन महिन्यांत लस तयार! १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई परत स्वतःलाच. मग भायखळा तुरुंगातल्या कैद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतली.

आणि मग १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात ३० ऑक्टोबरला १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ धनुर्वाताने गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचलं होतं, ५३-एन. बाटली परळची, म्हणून दोष हाफकिनचा. चौकशी आयोगानेही तेच मानलं. पद गेलं.

आता तुम्हीच विचार करा. धनुर्वाताचा जिवाणू मातीत असतो. तो बाटलीत परळला शिरला की गावात? बंद बाटलीत तो वाढला तर घाण वास येतो. उघडताना डॉक्टरने हुंगून पाहिलं होतं, वास नव्हता. विष आधीच मुरलेलं असतं तर लक्षणं लवकर दिसली असती. इथे आठवडाभर गेला. शिवाय बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळला. माझ्या मते केस इथेच संपायला हवी होती.

आज असं झालं तर लॅबवाले पीसीआरने विषाचं जनुक शोधतील, मग बाटलीतल्या जिवाणूचा जीनोम गावच्या मातीतल्या जिवाणूशी ताडून बघतील. विषाच्या जनुकातले बारीक फरकसुद्धा सापडतात. हाफकिनकडे होता फक्त वास, चिमटा आणि दिवसांचा हिशोब.

१९०७ मध्ये रोनाल्ड रॉससह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे डाग पुसला. ते भारतात परतले, पण मुंबईत नाही, कलकत्त्याला. परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. त्यानंतर पाच वर्षांनी लोझानमध्ये ते वारले.