एका शिलिंगचा कोर्स

कोर्स संपला. स्क्रीनवर तुमचं नाव छापलेलं सर्टिफिकेट आलं. तुम्ही ते लगेच लिंक्डइनवर टाकलं, पंचवीस-तीस जणांनी अभिनंदन केलं. आणि रात्री जेवताना घरात पुन्हा तोच प्रश्न आला, की हे सगळं ठीक आहे, पण डिग्रीचं काय?

पायथन झालं, डेटा अ‍ॅनालिटिक्स झालं, क्लाऊडचंही एक सर्टिफिकेट झालं. तरी नोकरीच्या फॉर्मवर शैक्षणिक पात्रतेचा रकाना आला की हात थबकतो. तुमचंही असंच होत असेल, तर एका पोराची गोष्ट वाचा. गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची आहे, लंडनमधली आहे. पण त्याच्यापुढचा रकानासुद्धा रिकामाच होता.

पोराचं नाव मायकेल फॅरेडे. हो, तोच. फिजिक्सच्या पुस्तकात ज्याच्या नावाचा नियम तुम्ही परीक्षेपुरता पाठ केला, तो.

फॅरेडे जन्मला १७९१ मध्ये. वडील लोहार होते. त्यांची तब्येत सारखी बिघडायची, त्यामुळे घरात पैशांची कायम ओढाताण. शाळेत पोरगा लिहायला-वाचायला आणि जेमतेम हिशेब करायला शिकला. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकवाल्याकडे पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रं पोचवायची. पुढच्याच वर्षी त्याच दुकानात तो बाइंडिंग शिकायला उमेदवार म्हणून राहिला. करार होता सात वर्षांचा.

कॉलेजचा प्रश्नच नव्हता. पैसा नव्हता हे तर झालंच. पण त्याचं कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका छोट्या ख्रिस्ती पंथातलं होतं आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी तेव्हा इंग्लंडच्या अधिकृत चर्चला मानणाऱ्यांनाच मिळायची. म्हणजे खिशात पैसे असते, तरी ते दार बंदच!

मग हा पठ्ठ्या काय करायचा? बाइंडिंगला आलेली पुस्तकं वाचून काढायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं सोपं पुस्तक असंच हाती लागलं. पण नुसतं वाचून त्याचं समाधान व्हायचं नाही. छापलंय ते खरं आहे का, हे तो चार पैशांच्या सामानात स्वतः करून बघायचा. १८१२ च्या जुलैमध्ये त्याने सात अर्ध्या पेनीची नाणी घेतली, जस्ताच्या सात चकत्या घेतल्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे ठेवले आणि बॅटरी तयार केली. ती चाललीसुद्धा.

त्याच्या दोन वर्षं आधी त्याला एक क्लास सापडला होता. जॉन टेटम नावाचे गृहस्थ संध्याकाळी आपल्या घरी विज्ञानावर व्याख्यानं द्यायचे. फी एका व्याख्यानाला एक शिलिंग. फॅरेडेकडे तेवढेही नव्हते. मोठ्या भावाने, रॉबर्टने, दिले. तिथे डिग्री मिळायची नाही. पण तिथे त्याच्यासारखीच दिवसभर काम करून संध्याकाळी शिकायला येणारी पोरं भेटली. आज तुम्ही रात्री हेडफोन लावून कोर्सचे व्हिडिओ बघता ना, जवळपास तसाच प्रकार.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या व्याख्यानांच्या नोट्स तो नीट उतरवून काढायचा. उपकरणांच्या आकृत्या चांगल्या याव्यात म्हणून चित्रकलाही शिकला. दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने हे पाहिलं आणि त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे तेव्हाचे रसायनशास्त्रातले स्टार. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना ऐकायला लंडनचे बडे लोक गर्दी करायचे. त्या गर्दीत हा बाइंडरकडचा पोरगा गॅलरीत बसून लिहून घेत होता.

उमेदवारी संपत आली, तसं पोटात गोळा यायला लागला. आयुष्यभर पुस्तकंच शिवायची का? त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मेल पाठवून दोन महिने वाट बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग १८१२ च्या डिसेंबरमध्ये त्याने डेव्ही यांना लिहिलं. सोबत त्यांच्याच व्याख्यानांच्या नोट्स पाठवल्या. स्वच्छ अक्षर, आकृत्या, तीनशेच्या वर पानं. आणि बाइंडिंग अर्थातच स्वतःच्या हातचं.

इथे जरा थांबा. त्या पुस्तकात काय होतं, ते बघा. पोराला विषय समजला होता का, हे डेव्ही पान उघडून तिथल्या तिथे तपासू शकत होते, कारण व्याख्यानं त्यांचीच होती. पोरगा नेटका आहे, हातात घेतलेलं काम तडीस नेतो, हेही त्यात दिसत होतं. कोर्सच्या सर्टिफिकेटवरून तुम्ही कोर्स पूर्ण केला एवढंच कळतं. तुमच्या हातून काय होतं, हे बघायला समोरच्याला काहीतरी उघडून बघावं लागतं. ते उघडण्यासारखं तुमच्याकडे काय आहे?

डेव्ही यांनी उत्तर दिलं, भेटायलाही बोलावलं. पण जागा नव्हती. बाइंडिंगच बरं, असाच सल्ला मिळाला. पुढे दीड-दोन महिन्यांतच प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारी करून नोकरी घालवून बसला. डेव्ही यांना तो नोटवाला पोरगा आठवला. १ मार्च १८१३ ला फॅरेडे कामावर रुजू झाला. आठवड्याला २५ शिलिंग आणि माळ्यावर राहायला जागा. नशीब म्हणा हवं तर. पण जागा रिकामी झाली तेव्हा आठवावं असं काहीतरी त्याने आधी पाठवलं होतं.

इथून पुढे सगळं गोड झालं, असं समजू नका. त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले आणि फॅरेडेला सहायक म्हणून घेतलं. पण ऐन वेळी त्यांचा नोकर यायला तयार झाला नाही, म्हणून ती कामंही याच्या गळ्यात पडली. लेडी डेव्ही त्याला घरगड्यासारखंच वागवायच्या. दौरा दीड वर्ष चालला. तो सोडून आला नाही, कारण त्याच दौऱ्यात त्याला अँपिअर आणि व्होल्टा भेटले. १८२१ मध्ये त्याने विजेच्या जोरावर तार फिरवून दाखवली. इलेक्ट्रिक मोटरचं हे बीज. तर दुसऱ्याची कल्पना ढापली, असा आरोप झाला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो होताना विरोध कोणी केला? खुद्द डेव्ही यांनी! तरीही तो निवडून आला.

आणि २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या तारांच्या दोन वेटोळ्यांनी त्याने दाखवलं, की बदलत्या चुंबकत्वातून वीज तयार होते. आजचे जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतात. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डने त्याला मानद पदवी दिली.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. फॅरेडेचं गणित शेवटपर्यंत कच्चं राहिलं. चुंबकाभोवतीच्या बलरेषा त्याला डोळ्यांपुढे दिसायच्या, पण त्या समीकरणात मांडता यायच्या नाहीत. त्यामुळे अनेक गणितींनी त्या कल्पना मनावर घेतल्या नाहीत. ते काम पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने केलं. आणि मॅक्सवेल केंब्रिजचा पदवीधर होता. तेव्हा डिग्रीवाल्यांना नावं ठेवायला फॅरेडेचं उदाहरण देऊ नका. डिग्रीचा अभ्यासक्रम तुम्हाला नावडते विषयही करायला लावतो. एकट्याने शिकताना आपण ते हळूच टाळतो. टेकमध्ये ते डेटा स्ट्रक्चर्स असतील, स्टॅटिस्टिक्स असेल किंवा साधं नीट इंग्रजी लिहिणं असेल. फॅरेडेला आपली भाषा कच्ची आहे हे कळलं होतं, म्हणून एका मित्राकडून तो वर्षानुवर्षं आठवड्याला दोन तास भाषा सुधारून घ्यायचा. तेवढं गणिताचं मात्र जमलं नाही.

मग या शनिवारी नवा कोर्स सुरू करण्याआधी एक करा. झालेल्या कोर्सपैकी एकच निवडा आणि त्यातून दुसऱ्याला उघडून बघता येईल अशी एक वस्तू पूर्ण करा. छोटी चालेल, अर्धवट नको. ती गिटहबवर ठेवा आणि त्या विषयातल्या जाणकाराला पाठवा. पहिल्याने उत्तर दिलं नाही, तर दुसऱ्याला पाठवा. आणि एका कागदावर आपल्याला काय येत नाही, तेही लिहून काढा.

घरचे पुन्हा विचारतीलच. या वेळी त्यांना सर्टिफिकेट दाखवू नका. लॅपटॉप उघडा आणि केलेलं काम दाखवा.