पूजनीय कॉर्नेलिया कॉनेली : पत्नी, माता, संस्थापिका

एखाद्या विवाहित, प्रौढ गृहस्थाने चालता संसार आवरून, पत्नी व मुलांना घेऊन, धर्मगुरुपदाच्या शिक्षणासाठी दूरदेशाची वाट धरली असे ऐकले, की आपल्या मनात त्याच्याविषयी आदर दाटून येतो. त्याने काय काय सोडले याची आपण मोजदाद करतो. त्याच्याबरोबर निघालेल्या पत्नीने काय सोडले, हे विचारण्याचे मात्र बहुधा राहून जाते. आम्ही धर्मगुरू तर या बाबतीत अधिकच विसराळू आहोत. दर वर्षी १८ एप्रिल रोजी ज्यांची पुण्यतिथी येते, त्या पूजनीय कॉर्नेलिया कॉनेली यांचे चरित्र म्हणूनच वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

कॉर्नेलिया पीकॉक यांचा जन्म १५ जानेवारी १८०९ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. घराणे प्रॉटेस्टंट. वडील लवकर वारले आणि चौदाव्या वर्षी आईचेही छत्र हरपले. पुढे सावत्र बहिणीच्या घरी त्या वाढल्या. १ डिसेंबर १८३१ रोजी पिअर्स कॉनेली या एपिस्कोपल पंथाच्या तरुण पाळकाशी त्यांचा विवाह झाला. लवकरच पिअर्स यांची मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ या गावी नेमणूक झाली. पगार चांगला, मान मोठा, पती विद्वान आणि बोलका. मर्सर हा मुलगा व अ‍ॅडेलिन ही मुलगी. उणे असे काही नव्हते.

अमेरिकेत त्या काळी कॅथलिकांविरुद्ध वातावरण तापले होते. १८३४ साली बॉस्टनजवळ उर्सुलाइन धर्मभगिनींचा मठ जमावाने जाळला होता. एवढा द्वेष ज्या ख्रिस्तसभेच्या वाट्याला येतो, ती मुळात शिकवते तरी काय, म्हणून पिअर्स अभ्यासाला बसले. आणि त्या अभ्यासाने त्यांची स्वतःच्या पंथावरची श्रद्धाच डळमळली. १८३५ साली त्यांनी पाळकपद सोडले आणि रोमला जाऊन अंतिम निर्णय घेण्याचे ठरवले. कॉर्नेलिया यांना तेवढी वाट पाहावी लागली नाही. न्यू ऑर्लिन्स बंदरात जहाजाची प्रतीक्षा करीत असतानाच, त्या वर्षीच्या डिसेंबरात, बिशप ब्लां यांच्या हस्ते त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. पिअर्स यांचा प्रवेश १८३६ च्या झावळ्यांच्या रविवारी रोममध्ये झाला. नवरा विचार करीत राहिला आणि बायको आधी पोहोचली, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात. आम्हांस ती महत्त्वाची वाटते. कॉर्नेलिया पतीच्या मागे फरफटत गेल्या नव्हत्या. त्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची होती.

युरोपात त्यांना मानमरातब मिळाला, इंग्लंडचे धनाढ्य कॅथलिक उमराव लॉर्ड श्रूझबरी यांचा स्नेह लाभला आणि जॉन हेन्री या दुसऱ्या मुलाचा जन्मही तिकडेच झाला. पण अमेरिकेत आर्थिक मंदी आल्याने कुटुंबाला परतावे लागले. १८३८ साली ते लुइझियाना राज्यातील ग्रँड कोटो या खेड्यात राहावयास गेले. पिअर्स येशूसंघीयांच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले, तर कॉर्नेलिया पवित्र हृदयाच्या धर्मभगिनींच्या शाळेत संगीत. लहानसे घर आणि बेताचे उत्पन्न. तरीही आयुष्यातील सर्वांत सुखाचे दिवस त्यांनी तेथेच पाहिले असे म्हटले जाते.

ते सुख फार टिकले नाही. १८३९ साली जन्मलेली मेरी मॅग्डलिन काही आठवड्यांतच दगावली. पुढच्या वर्षी, जानेवारीच्या अखेरीस, अडीच वर्षांचा जॉन हेन्री अंगणात कुत्र्याबरोबर खेळत असता उकळत्या उसाच्या रसाच्या कढईत पडला. जवळपास डॉक्टर नव्हता. आईने त्याला मांडीवर घेतले आणि त्रेचाळीस तास तो तिच्या मांडीवरच होता. २ फेब्रुवारी १८४० रोजी, प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणादिवशी, त्याने प्राण सोडला. पुत्राचे निष्प्राण कलेवर मांडीवर घेतलेल्या दुःखी मातेची मूर्ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कॉर्नेलिया यांच्या आयुष्यात त्या मूर्तीची भक्ती या दिवसानंतर कायमची वस्तीला आली.

त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी पिअर्स यांनी पत्नीजवळ मन उघड केले : आपल्याला कॅथलिक धर्मगुरू व्हावयाचे आहे. लॅटिन विधीच्या नियमानुसार याचा अर्थ एकच होता. पतिपत्नींनी कायमचे विभक्त व्हावयाचे, आणि पत्नीने ब्रह्मचर्याचे व्रत घ्यावयाचे. कॉर्नेलिया त्या वेळी एकतीस वर्षांच्या होत्या, आणि पाचवे मूल पोटात होते. हा पुत्र फ्रँक पुढच्या वसंत ऋतूत जन्मला. त्यांनी पतीला घाई न करण्याची, नीट पारख करण्याची विनंती केली. मात्र देवाची इच्छा असेल तर आपण आड येणार नाही, असेही त्या म्हणाल्या.

१८४२ साली पिअर्स यांनी घर विकले आणि नऊ वर्षांच्या मर्सरला घेऊन ते इंग्लंडला गेले. मुलाला तेथील शाळेत ठेवून त्यांनी रोममध्ये अर्ज केला, तेव्हा परमगुरू ग्रेगरी सोळावे यांच्याकडून निरोप आला की पत्नीला समक्ष घेऊन यावे. तिची संमती तिच्याच तोंडून ऐकणे आवश्यक होते. पिअर्स अमेरिकेस परतले आणि १८४३ च्या अखेरीस कुटुंब पुन्हा रोमला पोहोचले. घर नाही, चूल नाही; एक मुलगा दूर इंग्लंडमध्ये, दोन लहान मुले बरोबर.

अर्ज आश्चर्य वाटावे इतक्या लवकर मंजूर झाला. १८४४ च्या वसंत ऋतूत विभक्ततेच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. वयाच्या चाळिशीत पिअर्स झगा घालून ईशज्ञानाच्या अभ्यासाला बसले. कॉर्नेलिया फ्रँक व अ‍ॅडेलिन यांना घेऊन त्रिनिता दै मोन्ती येथील मठात राहू लागल्या. पती आठवड्यातून एकदा भेटावयास येत. गुरुदीक्षेपूर्वी कॉर्नेलिया यांनी त्यांना शेवटचे विचारले, की अजूनही संसारात परतावेसे वाटते काय? पिअर्स यांचा निश्चय कायम होता. तेव्हा जून १८४५ मध्ये त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि ६ जुलै रोजी पिअर्स यांना गुरुदीक्षा मिळाली. नवदीक्षित धर्मगुरूने आपल्याच कन्येला प्रथम ख्रिस्तप्रसाद दिला. कॉर्नेलिया गायकवृंदात गात होत्या.

भाविक चरित्रे या प्रसंगाचे वर्णन मोठ्या गोडीने करतात. आम्हांस ते वाचताना अस्वस्थ व्हावयास होते. रोममध्ये पत्नीची संमती विचारली गेली हे खरे. परंतु पतीची हाक ही देवाची हाक आहे असे सारे जण म्हणत असता, नकार देणारी पत्नी देवालाच नकार देत आहे असे तिला वाटणार नाही काय? आणि त्या मुलांना कोणी काय विचारले?

१८४६ साली कॉर्नेलिया यांना इंग्लंडमध्ये मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेण्यास सांगण्यात आले. ऑक्टोबरमध्ये डर्बी येथे त्यांनी पवित्र बाळ येशूच्या धर्मसंघाचा आरंभ केला. गिरणीत राबणाऱ्या मुलींसाठी त्यांनी वर्ग चालविले. त्यांच्या शाळांत संगीत, चित्रकला आणि नाटक यांना मानाचे स्थान होते, आणि विद्यार्थिनींवर कडक पहाऱ्याऐवजी विश्वास टाकला जाई. त्या काळी ही मोठी धीट गोष्ट होती. मात्र स्वतःची मुले जवळ ठेवण्यास त्यांना मुभा मिळाली नाही. बिशप वाइजमन यांच्या आग्रहावरून अ‍ॅडेलिन आणि पाच वर्षांचा फ्रँक यांनाही वसतिगृही शाळांत धाडावे लागले.

पिअर्स त्या वेळी लॉर्ड श्रूझबरी यांच्याकडे होते. पत्नी आता आपल्या अधिकाराखाली नाही, हे त्यांना सोसवेना. डिसेंबर १८४७ मध्ये कॉर्नेलिया यांनी अंतिम व्रते घेतली आणि पुढच्याच महिन्यात पिअर्स यांनी, आईला न कळविता, मुले शाळांतून काढून नेली. रोममध्ये त्यांनी स्वतःला त्या धर्मसंघाचा संस्थापक म्हणूनही पुढे केले. कॉर्नेलिया झुकल्या नाहीत. अखेर १८४९ साली, ज्या गृहस्थाने धर्मगुरुपदासाठी पत्नीचा त्याग केला होता त्यानेच, ती परत मिळावी म्हणून इंग्लंडच्या न्यायालयात दावा लावला.

इंग्लंडमध्ये कॅथलिकद्वेषाची लाट होती. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण चवीने चघळले. १८५० साली निकाल कॉर्नेलिया यांच्या विरुद्ध गेला. देश सोडून जाण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. पण आपण निघून गेलो तर नवा धर्मसंघ कोलमडेल, हे ओळखून त्या सेंट लिओनार्ड्स येथील मठातच राहिल्या. वरच्या न्यायालयाने १८५१ साली तो निकाल स्थगित केला. पिअर्स खर्च भरू शकले नाहीत आणि दावा पुढे निकालात निघाला. मुले मात्र परत मिळाली नाहीत. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात मुलांवर पित्याचाच हक्क होता.

पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी शाळा काढण्यात, शिक्षिका तयार करण्यात आणि गैरसमज सोसण्यात घालविली. आपल्या धर्मसंघाच्या नियमावलीला रोमची मान्यता मिळालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८ एप्रिल १८७९ रोजी सेंट लिओनार्ड्स येथे त्यांचे देहावसान झाले. १९९२ साली परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले.

विवाहित पुरुषांना कायम डीकनपद देण्याची प्रथा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पुन्हा सुरू झाली. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार असा उमेदवार किमान पस्तीस वर्षांचा असावा लागतो आणि त्याच्या पत्नीची संमती असावी लागते. पती पतीच राहतो, घर मोडत नाही. तरीही जेव्हा एखाद्या भगिनीपुढे त्या संमतीचा कागद ठेवला जाईल, तेव्हा तिच्याशी एकटीशी, निवांतपणे, पतीच्या गैरहजेरीत कोणी बोलले आहे काय, हे पाहणे आम्हा धर्मगुरूंचे काम आहे.

मर्सर विसाव्या वर्षी, १८५३ साली, न्यू ऑर्लिन्स येथे पीतज्वराने वारला. आईची त्याच्याशी पुन्हा भेट झाली नाही. फ्रँक नामांकित शिल्पकार झाला. ख्रिस्तसभेविषयी त्याच्या मनात कायमची कटुता राहिली, आईविषयी मात्र नाही. पिअर्स पुन्हा एपिस्कोपल पाळक झाले आणि १८८३ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे मरण पावले. त्यांच्या मृत्यूपर्यंत अ‍ॅडेलिन वडिलांजवळ राहिली. त्यानंतर ती कॅथलिक ख्रिस्तसभेत परतली.