माइल्स डेव्हिस यांचे न दिसणारे दुखणे

माइल्स डेव्हिस हे जॅझ संगीतातले फार मोठे नाव. त्यांचा ट्रम्पेट आजही जगभर ऐकला जातो. मात्र या कलावंताला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता, हे अनेक चाहत्यांना ठाऊक नसते.

डेव्हिस यांचा जन्म २६ मे १९२६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. वडील दंतवैद्य, घर सुखवस्तू. १९४४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संगीत विद्यालयात दाखल झाले, पण मन रमले ते चार्ली पार्कर यांच्यासोबत क्लबमध्ये वाजवण्यात. पुढे हेरॉइनचे व्यसन जडले आणि १९५४ च्या सुमारास ते त्यातून बाहेर पडले. १९५९ मध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले.

साठचे दशक सुरू होताना सांधेदुखीने डोके वर काढले आणि सिकलसेलचे निदान झाले. या आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच घटक बदललेला असतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य कळा सुरू होतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाला वारंवार रक्त कमी पडले, तर तो झिजून खचतो. डेव्हिस यांचा खुबा असाच निकामी होत गेला. १९६५ च्या एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, ती टिकली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करून कृत्रिम सांधा बसवावा लागला.

दुखणे तरीही थांबले नाही. वेदनाशामक गोळ्या, दारू आणि कोकेन यांचा आधार वाढत गेला. १९७५ मध्ये त्यांनी वादन थांबवले. खुब्याची आणखी एक शस्त्रक्रिया झाली. जवळपास पाच वर्षे ते लोकांपासून दूर राहिले. ऐंशीच्या दशकात ते पुन्हा रंगमंचावर आले आणि अखेरपर्यंत वाजवत राहिले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

डेव्हिस यांचे व्यसन खरे होते आणि दुखणेही खरे होते. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. बहुसंख्य सिकलसेल रुग्णांना तर असे कोणतेही व्यसन नसते. तरीही तीव्र वेदनाशामक मागणाऱ्या रुग्णाकडे अनेक ठिकाणी संशयाने पाहिले जाते. वेदनेचा झटका आला आहे की नाही, हे ठरवणारी रक्ताची चाचणी नाही. एक्स-रे साफ असू शकतो, रक्तदाबही ठीक असू शकतो. रुग्ण काय सांगतो, हेच तेथे मोजमाप असते.

म्हणून उपचारांबाबत रुग्ण समाधानी आहे की नाही, हे केवळ दुखणे किती उतरले यावर ठरत नाही. औषध किती वेळात मिळाले, पुन्हा कोणी विचारपूस केली का, आपल्यावर विश्वास ठेवला गेला का, हे रुग्ण लक्षात ठेवतो. वाईट अनुभव आलेला रुग्ण पुढच्या वेळी घरीच कळा सोसतो आणि उशिरा, गुंतागुंत झाल्यावर येतो. तीव्र झटक्यात रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामक द्यावे आणि अर्ध्या ते एका तासाने पुन्हा तपासावे, असे अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात.

गडचिरोली, नंदुरबारसह महाराष्ट्रात अनेक कुटुंबांत हा आजार आहे. रुग्णाने निदानाचा कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी नेहमी जवळ ठेवावी. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा जाणवल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि घरात कोणी कळांनी तळमळत असेल, तर नातेवाइकांनी त्याला आधी नाटकी ठरवू नये.